किल्लीवाले एकटेच पुढे गेले

आमच्या इमारतीतले किल्लीवाले म्हणजे लोण्याचा गोळा. कुलूप कितीही अडून बसलेलं असो, हे त्याला आधी "काय झालं रे बाळा?" असं विचारणार. अशा माणसाला लढायांचं वेड लागलं म्हटल्यावर आम्ही शेजारी पोट धरून हसलो.

दोष लेकीचा. नोकरीसाठी परगावी जाताना ती पाच जाडजूड पुस्तकं घरात ठेवून गेली. पाचांत मिळून लढाई एकच! डोंगरातले लोक आणि मिठाच्या शहरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे गळे कापतायत, मेलेले शिपाई राखेतून उठून पुन्हा रांगेत उभे राहतायत, आणि चांगल्या माणसांचं तर पानोपानी वाटोळं. किल्लीवाल्यांनी पहिलं पुस्तक धूळ झटकायला उचललं, ते जेवायला हाका मारल्या तरी खाली ठेवेनात. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ते हिसकावून घेतलं आणि त्याही अडकल्या.

वहिनी घरी शिलाईकाम करतात. पँट आखूड कर, चेन बदल, उसवलेली बाही जोड. त्यांचा जीव जडला तो गोष्टीतल्या लंगड्या वैद्यबाईवर. ती रणांगणात दोन्ही बाजूंच्या जखमींना टाके घालत हिंडते. "माझ्यासारखीच आहे मेली," वहिनी कौतुकाने म्हणायच्या. "वाकडा टाका खपत नाही तिला."

पुस्तक एक, वाचणारे दोन, म्हणून घरात कायदा झाला. दिवसा दुकानात त्यांनी वाचायचं, संध्याकाळी वहिनींनी. ठरलेल्या प्रकरणापुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. खुणेला पानात एक कोरी किल्ली, दात न पाडलेली. मग जेवताना दोघं त्या लढाईवरून असे कडाकडा भांडायचे की खालच्या मजल्यावर वाटावं, आता भांडी उडणार. लेक गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता.

चौथ्या पुस्तकात कायदा मोडला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, वैद्यबाई शत्रूच्या तंबूत सापडलेली. किल्लीवाल्यांना राहवेना. एकच पान म्हणत म्हणत ते पुढे गेले, आणि वैद्यबाई मेली. ज्या शिपायाला ती टाके घालत होती, त्यानेच तिच्या पोटात सुरी खुपसली. किल्लीवाले दुकानात ढसाढसा रडले. त्याच डोळ्यांनी त्यांनी एका बाईंच्या कपाटाची किल्ली घासली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांची किल्ली "लागत नाही" म्हणून परत आली.

आता धास्ती एकच. हे कळलं की वहिनी पुस्तक माळ्यावर फेकतील, आणि जेवतानाची ती गोड भांडणंही त्याच्याबरोबर जातील. म्हणून संध्याकाळी त्यांनी पुस्तक दुकानातच ठेवलं. "विसरलो गं." दुसऱ्या दिवशीही विसरले. तिसऱ्या दिवशी तर न सांगता भांडी घासली आणि "आज तू फार छान दिसतेस" असंही म्हणाले.

समोरच्या काकू टपूनच होत्या. "वहिनी, भांडी घासून वर कौतुक? काहीतरी प्रकरण आहे बरं का."

"ह्यांचं प्रकरण?" वहिनी हसल्या. "अहो, ह्यांना साधं खोटं बोलायचं तर आधी पाणी प्यावं लागतं." पण हसता हसता त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि तडक दुकान गाठलं.

पुस्तक गल्ल्याशेजारीच होतं. किल्ली बरीच पुढच्या पानात.

"अहो! एकटेच पुढे गेलात?"

"अगं, ऐक तरी. ती वैद्यबाई..."

"एक शब्द बोललात तर बघा!" वहिनींनी स्टूल ओढलं आणि तिथेच वाचायला बसल्या. किल्लीवाल्यांनी यंत्र बंद केलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि ते गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून परत पाठवायला लागले.

वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. पदराने नाक पुसून त्यांनी तेच पान पुन्हा वाचलं. मग मान वर केली.

"तिने सुरी आधीच पाहिली होती."

"छे! दगा झाला तिच्याशी."

"हे वाचा. 'पांघरुणाखाली पातं चमकलं. तिने सुईत दुसरा दोरा ओवला.' तिला ठाऊक होतं हो. तरी टाका अर्धा सोडला नाही बाईने."

किल्लीवाल्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. रडण्याच्या नादात ती ओळ साफ निसटली होती. "मग ती... फसली नाही म्हणायची?"

"फसतेय कसली! आणि तुम्ही हो? तीन दिवस एकटे रडलात? मला काय परकी समजता?"

"मला वाटलं, तू वाचायचंच सोडशील."

"आता सोडू? त्या शिपायाचं पुढे काय होतं, ते कळल्याशिवाय?" वहिनींनी शिक्षा तिथल्या तिथे सुनावली. यापुढे चोरून वाचणं बंद. त्या मोठ्याने वाचणार, ह्यांनी ऐकायचं.

आता दुपारी दुकानात वहिनींची बैठक असते. परवा एक गृहस्थ घाईघाईने आले. "किल्ली झाली का हो?"

"थांबा, शहराला वेढा पडलाय," किल्लीवाले कानस हातात तशीच धरून म्हणाले.

गृहस्थांनी जरा वेळ कान दिला. "कोण जिंकतंय?"

"सांगू नका हं ह्यांना," वहिनींनी किल्लीवाल्यांना बजावलं, आणि गृहस्थांसाठी स्टूल पुढे सरकवलं.