अर्जातली ओळ

आमच्या थोरल्या दिरांइतका खेळांवर जीव टाकणारा माणूस बोर्ली पंचतनपासून दिघीपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि स्वतः त्यांनी जन्मात एकही खेळ खेळला नव्हता. बाजारात कुणीतरी पेपर वाचून सांगितलं, की दिल्लीत सरकारने खेळांचं मंडळ काढलं आहे, ते खेड्यापाड्यांतले खेळाडू शोधून त्यांना शिकवणार. त्या दिवसापासून भावजी त्या मंडळाचे बिनपगारी नोकर झाले. पाहुणा आला की आधी त्याला ओहोळावरून उडी मारायला लावत, मग चहा. पुतणीसाठी मुलगा बघायला गेले ते त्याच्या पोटऱ्या बघून आले. सासूबाईंनी विचारलं, "शेती किती हाय?" म्हणाले, "ती इचारायची ऱ्हायली. पर पोरगा हरणावानी पळंल." एका मयतात तर खांदेकऱ्यांनाच दबक्या आवाजात सांगत होते, "पावलं एकसारकी टाका रं."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी चौथी पास, म्हणून मंडळाची पत्रं माझ्याकडे. भावजी ओटीवर अंगणाकडे तोंड करून सांगत, मी दाराआड बसून लिही. चार पत्रं गेल्यावर तालुक्याच्या कचेरीतून छापील अर्ज आला. गावातल्या होतकरू खेळाडूंची नावं कळवायची होती. हुतुतूची सात नावं झाली. मग मी वाचलं, "धावणे."

भावजी म्हणाले, "तितं तुजं नाव लिव, बाय."

मी टाक खाली ठेवला.

"तांबडी गाय दावं तोडून पळाली, तवा बांधावरनं फुडं जाऊन तिला वळवली कोणी? मी बगितलंय. गावात तसं कोण न्हाय धावत."

पदर खोचून धावताना त्यांनी मला पाहिलं, या लाजेनेच मी अर्धी झाले.

"लिवलंस?"

"व्हय," मी म्हटलं, आणि ती ओळ तशीच सोडून पाकीट चिकटवलं.

हुतुतूच्या मुलांना तालुक्याला बोलावणं आलं. भावजी मात्र पोस्टमनची वाट बघत राहिले. "धावणाऱ्यांचं थेट दिल्लीस्नं येतं, येळ लागणारच," असं मलाच समजावत. माझ्या डोक्यावर जड भारा दिसला की सासूबाईंना म्हणत, "तिचं पाय जपा जरा."

तशीच वाट बघत ते गेले. खरं काय ते मला कधी सांगता आलं नाही, दाराआडूनसुद्धा नाही. म्हणून आज या वहीत ती ओळ भरते.

धावणे : जानकी, धाकटी सून. वय तेव्हा एकोणीस.