भांडण तिच्याशी आणि आई तिच्या स्कूटीवर

धुळ्याच्या स्टँडबाहेर ट्रॅव्हल्सची गाडी उभी होती. माझ्या कडेवर दीड वर्षांची ईरा, पायाशी दोन बॅगा, आणि आई ड्रायव्हरशी वाद घालत होती. तिचं म्हणणं, लेकुरवाळीला मागची सीट दिलीच कशी? तिने मला पुढची खिडकी मिळवून दिली, बॅगा स्वतः डिकीत लावून घेतल्या, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीखाली येऊन एवढंच म्हणाली, "तठे थंडी बहू शे म्हंतस. पोरना कान बांधी ठेव."

ती रडली नाही. मी मात्र चाळीसगाव चौफुली यायच्या आत रुमाल भिजवला होता. नवरा, अजय, आधीच जर्मनीत पोचला होता. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. आईला घरात एकटी ठेवून मी मुंबईच्या विमानतळाकडे निघाले होते.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. इथे केस कापायलासुद्धा 'टर्मिन' घ्यावी लागते, म्हणजे आधी वेळ ठरवावी लागते. शेजारीण आजीबाईंकडे साखर मागायला गेले तर त्यांनी वाटीभर दिली, आणि वर विचारलं की तुमच्याकडे काही संकट आलंय का? सुरुवातीला अशा गोष्टींनी मी खट्टू व्हायचे. आता हसू येतं. गेल्या महिन्यात त्याच आजी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तुमची ती तिखट शेवभाजी उरली असेल तर थोडी द्या." त्यांनी आधी फोन केला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

पण मन गुंतवायला पहिली काही वर्षं मला मोबाईलच होता. 'भरीत पार्टी' नावाचा आमचा एक ग्रुप आहे. जळगाव, धुळे, रावेर, अमळनेर, कुठकुठच्या बाया त्यात आहेत. निम्म्या तिथेच, निम्म्या माझ्यासारख्या पांगलेल्या. सुरुवात झाली ती परदेशातल्या वांग्याचं भरीत कसं करायचं या प्रश्नाने. मग मुलांचे ताप, सासूबाईंचे उपास, दहावीचे निकाल, केळीचे भाव, गल्लीतलं पाणी, सगळंच येत गेलं. बातम्याही येत. आणि बातम्या आल्या की भांडणं आलीच.

शाळेत पहिलीपासून हिंदी असावी की नसावी, यावर राज्यभर गरमागरमी चालली होती तेव्हाची गोष्ट. मी तावातावाने लिहिलं की लहान मुलांवर तिसरी भाषा लादू नये. त्यावर धुळ्याच्या ममताने उत्तर दिलं. ममता मूळची राजस्थानकडच्या व्यापारी घराण्यातली. आग्रा रोडला त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि तीन पिढ्या तिथेच गेल्या. तिने लिहिलं, "माझी मुलं चार भाषा बोलतात, काही बिघडलं नाही. तुमची मुलगी जर्मन शिकते ते चालतं. आमच्या पोरांनी काय शिकायचं ते तिथे बसून नका सांगू."

'तिथे बसून' हे दोन शब्द मला फार लागले. आणि लागले म्हणून मी जे लिहिलं, ते आजही आठवलं की कान गरम होतात. मी लिहिलं, "तुमच्या घरी मराठी फक्त गिऱ्हाइकापुरती. तुम्हाला काय कळणार?"

ग्रुपवर दोन दिवस कोणी 'गुड मॉर्निंग'सुद्धा टाकलं नाही. मग रावेरच्या एका वहिनींनी पपईच्या वड्यांची कृती टाकली आणि विषय बुजला. मी माफी मागायला हवी होती. आज लिहू, उद्या लिहू करत मे महिना आला.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे दहा वाजता आईला फोन लावला. तिथे दुपारचे दीड वाजलेले. आई उचलेना. जेवत असेल म्हणून थांबले. पुन्हा लावला. अकरापर्यंत आठ वेळा लावला. डाव्या-उजव्या दोन्ही शेजाऱ्यांना फोन केले, तर एकाच लग्नाला दोघेही धरणगावला गेलेले. "सकाळी आम्हाला निरोप दिला, ठणठणीत होती," शेजारचे नाना वाजंत्रीच्या आवाजात ओरडून म्हणाले.

मे महिन्यातली धुळ्याची दुपार ज्याला माहीत आहे त्याला माझी अवस्था सांगायला नको. अजय म्हणाला, "ग्रुपवर टाक ना." माझा हात थांबला. धुळ्यात आमच्या देवपूर भागाच्या सगळ्यात जवळ राहणारी बाई कोण, हे मला पक्कं माहीत होतं. पण ती वेळ लाज बाळगायची नव्हती. मी लिहिलं, "आई फोन उचलत नाही. धुळ्यात कोणी आहे का?"

मिनिटाच्या आत ममताचं उत्तर आलं. "पत्ता टाक."

वीस मिनिटं मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. ईरा येऊन माझा हात धरून उभी राहिली. मग ममताचा फोन आला. आवाजाला धाप लागलेली. "घर उघडंय, फोन खालीच पडलाय, आई दिसत नाहीत. जिना बाहेरून आहे ना? वर जाते. फोन चालू ठेव."

मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. आणि मग आईचा. बारीक, पण चिडलेला. "ओ माय, आधी त्या बिबड्या उचल वं. कावळा बठ्ठ्या खाई जातीन!"

बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ते उलटायला आई गच्चीवर गेली होती. पाय मुरगळून पडली, घोटा मोडला, उठता येईना. तिने हाका मारल्या, पण बंद दारांआड कूलरच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? मग ती सरपटत पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेली, टाकीचा नळ हाताशी होता, त्यावर बिबड्यांचं फडकं भिजवून डोक्यावर घेतलं आणि बसून राहिली. तीन तास.

"बिबड्या राहू दे मावशी, पाय दखाड," ममता म्हणाली. अस्सल अहिराणीत. आईसुद्धा चकित झाली असावी. तिने विचारलं, "तू कोन्ही आंडेर शे?" म्हणजे, तू कोणाची लेक?

ममता म्हणाली, "तुन्हीच समज."

इकडे मी ईराला सांगितलं, आजी सापडली.

ममताने नवऱ्याला बोलावलं, दोघांनी आईला खाली आणलं, ममताच्या स्कूटीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. चौथ्या दिवशी मी ईराला घेऊन धुळ्यात पोचले. दारातूनच दिसलं, आई पलंगावर, पाय उशीवर, आणि शेजारी खुर्चीत एक गोरी, ठेंगणी बाई ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडून तिच्या ताटात घालतेय. विमानात जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरले. "ममताताई, मी त्या दिवशी फार वाईट बोलले," एवढंच जमलं.

"हो, बोललीस," ती म्हणाली. "मी ते घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, तिला जेवायला बोलव, बघू किती मराठी ऐकते ती." मग माझ्या पुढ्यात ताट सरकवत म्हणाली, "पण हिंदीबद्दल माझं मत तेच आहे हं."

"माझंही."

"अन् मन्हं कोनी विचारस का?" आई पलंगावरून म्हणाली. आम्ही दोघींनी तिचं मत विचारलं. ते अर्धा तास चाललं आणि दोघींच्याही विरुद्ध होतं.

ईरा त्या तीन आठवड्यांत आजीकडून इतकी अहिराणी शिकली की परतल्यावर तिने वर्गात बाईंना 'नहीं वं माय' म्हटलं.

तुम्ही जे तिथेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना एक कबूल करते. इतकी वर्षं मला वाटायचं की मी निघाले त्या दिवशी घर तिथेच थांबलंय, आई फोनजवळ बसलीय आणि मी परतेन तेव्हा सगळं पुन्हा सुरू होईल. ममता 'तिथे बसून' म्हणाली तेव्हा म्हणूनच एवढं झोंबलं. तिचं थोडं खरं होतं. घर माझ्यासाठी थांबलं नव्हतं. तिथे नवी माणसं आली, नवी भांडणं आली. आणि ज्या दिवशी त्या भांडणात मलाही वाटा मिळाला, त्या दिवशी मी पुन्हा तिथली झाले. पाहुण्याशी कोणी असं भांडत नाही.

आता आईचा पाय बरा आहे. ग्रुपमध्ये तिलाही घेतलंय. लिहायचा कंटाळा, म्हणून ती दोन-दोन मिनिटांचे आवाजी निरोप पाठवते आणि सगळ्यांना झापते. गेल्या रविवारी दहा वाजता मी फोन लावला, तर मागे भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा गलका. त्यात ममताचा आवाज मी ओळखला.

"आते नको बोलू, घरमा पाव्हना शेतस," आई घाईघाईने म्हणाली. "मंग फोन कर."

आणि माझ्या आईने माझा फोन ठेवून दिला. मी किती तरी वेळ हसत होते.