राहिलंय का कुणाचं?

खैरनार सर विचारल्याशिवाय फळा कधी पुसत नसत. पंचवटीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही इंग्रजीच्या शिकवणीला जायचो. डस्टर हातात घेऊन सर मागे वळत आणि विचारत, "राहिलंय का कुणाचं?" एक जरी हात वर असला तरी फळा तसाच. उतरवून घेण्यात मी कासव, त्यामुळे तो हात बहुधा माझाच असे.

'रिमूव्ह' हा शब्द त्यांनी चपलांवरून शिकवला. आम्ही दारात त्या भिरकावून आत घुसायचो. एकदा सरांनी सगळ्यांना परत बाहेर पाठवलं. "भिरकावली ती थ्रो. काढून नीट ठेवली ती रिमूव्ह." मग कपड्यावरून डाग, डब्यावरून झाकण, पदावरून माणूस, असं एकेक काढून झालं. वाक्यात 'फ्रॉम' हवंच, हा त्यांचा हट्ट. "काय काढलं ते कुणीही सांगेल. कुठून काढलं ते विसरू नका. ती जागा मागे उरते."

पुढे काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. घरात सगळ्यांना कामाची घाई; सून ताट उचलायला आली की सर तिला थांबवत आणि काकूंना तेच विचारत, "राहिलंय का?" काकू डावा हात वर करत, अगदी आमच्यासारखा. मग सरही शेजारी बसून राहत.

गेल्या महिन्यात सर गेले. ओळखीचा चेहरा दिसावा म्हणून मुलाने त्यांना चष्मा घातला होता. निफाडहून आलेल्या सरांच्या थोरल्या भावाने विचारलं, "दर्शन राह्यलंय का कोणाचं?" चौघे खांदा द्यायला वाकले. भिंतीशी खुर्चीत बसलेल्या काकूंचा डावा हात वर होता, पण गर्दीत तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सर नाहीत हे मला तेव्हा खरं कळलं. त्या हाताकडे बघणारं माणूसच गेलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "काकूंचं राहिलंय."

खुर्ची जवळ नेली. काकूंनी सरांचा चष्मा हळूच काढला. एका हाताने काड्या मिटेनात. मी पुढे झाले, तर त्यांनी नको अशी मान हलवली. मांडीवर दाबून एक काडी मिटली, मग दुसरी. चष्मा पदरात ठेवला.

सरांच्या नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्याचे वण तसेच होते. काकूंनी त्यांवरून बोट फिरवलं आणि मग दिरांकडे बघून मान डोलावली.