हेडक्लार्कचं पोट

काचवाल्याच्या बैठकीच्या खोलीत सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद अशी काचेची टाकी होती आणि टाकीत एकच मासा. पाहुणे लाकडी खुर्च्यांवर ताठ बसायचे आणि चहा संपला की उठायचे. बायको म्हणायची, त्या दृष्टीने बरंच आहे.

मासा शिंगाळा होता. नदीतला, लांब मिशांचा, अंगावर खवल्याचं नाव नाही. सहा वर्षांपूर्वी काचवाला नदीकाठच्या एका घराला खिडक्या बसवायला गेला होता, तिथे कोळ्याच्या बादलीत हा बोटाएवढा जीव वळवळताना दिसला. त्याने तो मागून घेतला आणि पाण्याच्या बाटलीतून घरी आणला. बोटाची वीत झाली, वितीचा हात झाला, आणि दर खेपेला काचवाला दुकानातली सगळ्यात जाड काच काढून नवी टाकी बांधत राहिला. गिऱ्हाइकांच्या खिडक्या तेवढे दिवस पुठ्ठ्यावर भागायच्या.

नाव बायकोने ठेवलं. ती एका कचेरीत नोकरीला होती. दिवसभर आडोशाला बसून नुसत्या मिशा हलवायच्या, कामाला बाहेर यायचं नाही आणि खायच्या वेळी सगळ्यांच्या आधी हजर, हा नमुना आपण रोज बघतो, म्हणाली. हा आमचा हेडक्लार्क. ते नाव चिकटलं. एकदा काचवाल्याने त्याला सोबत म्हणून आठ रंगीत मासे आणून सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत हेडक्लार्क एकटाच होता आणि भलताच प्रसन्न दिसत होता.

तेव्हापासून काचवाल्याने नियम केला. मोठा मासा भूक सोसतो, अजीर्ण सोसत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून खाणं आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शनिवारी, दुकानातून आल्यावर, त्याच्याच हातून. इतरांनी झाकणाला हात लावायचा नाही. तसा कुणी लावेल अशी भीतीही नव्हती. बायकोला सोफा हवा होता. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. आणि म्हातारे वडील, जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर, ते तर टाकीकडे पाठ करूनच पेपर वाचायचे. माणसांना बसायला जागा नाही आणि माशाला बंगला, एवढं एकदा बोलून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता. या घरात माशाचं आपल्याशिवाय कुणी नाही, अशी काचवाल्याची पक्की समजूत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती आवडायची.

मग हेडक्लार्कचं पोट सुटायला लागलं. आधी काचवाल्याने लक्ष दिलं नाही. या वयात कुणाचं सुटत नाही? पण एका मंगळवारी समोर टाकलेली कोळंबी त्याने नुसती मिशीने बाजूला सारली. शनिवारीही तेच. काचवाल्याने निम्मं पाणी बदललं, मीठ घातलं, पुढचे दोन वार खाणं बंद ठेवलं. पोट उतरायचं सोडून आणखी टम्म झालं. काहीही न खाता फुगतो म्हणजे आत पाणी झालंय, हे त्याने मनाशी ठरवलं. त्याचं स्वतःचं जेवण तुटलं. दुकानात एक आरसा हातातून सुटला, वीस वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी त्याने मत्स्यबीज केंद्रातल्या माशांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की लक्षणं चांगली नाहीत, घरच्या टाकीत उपचार व्हायचे नाहीत. रविवारी टब घेऊन येतो, मासा केंद्रात नेतो. वाचला तर तिथल्या तळ्यात राहील; तळ्यात सोडलेला मासा मात्र परत मिळत नाही.

त्या रात्री जेवताना काचवाल्याने ही बातमी सांगितली. आता सोफा येईल, असंही म्हणाला. बायको आनंदेल अशी त्याची अपेक्षा होती, पण ती भाजी वाढायची विसरली. लेक अर्ध्या ताटावरून उठली. वडील जेवण आटोपून पेपर घेऊन बसले.

रविवारी डॉक्टर आले. त्यांनी टाकीत दोन्ही हात घालून हेडक्लार्कला ओल्या कापडावर घेतलं, पोट दाबलं, कल्ले उघडून पाहिले, पुन्हा पोट दाबलं. काचवाला ओंजळीने कापडावर पाणी शिंपडत होता.

"याला रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "हा खाऊन खाऊन सुटलाय. किती घालता याला?"

काचवाला दुखावला. आठवड्यातून दोनदा, तेही हिशेबात, आणि गेले आठ दिवस तर कडकडीत उपास, त्याने निक्षून सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे घरातली तिघंही उभी होती, अळीमिळी गुपचिळी.

आधी बायको फुटली. कोळंबी सोलली की डोकी टाकून द्यायची जिवावर येतं, म्हणाली. रोज नाही, एक दिवसाआड. लेकीने मान खाली घालून सांगितलं की डब्यातलं चिकन ती धुऊन घालायची, अगदी स्वच्छ धुऊन. आपण एकटीच त्या बिचाऱ्याला बघतोय, असं दोघींनाही वाटत होतं. आता त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. चोरून खाणाऱ्यांची घरं असतात, हे चोरून वाढणाऱ्यांचं निघालं.

"एवढ्याने इतकं पोट येत नाही," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा वडिलांनी खिशातून औषधाची डबी काढून टेबलावर ठेवली. आत ओली माती होती आणि मातीत गांडुळं. गुडघे धरलेला हा माणूस रोज दुपारी, घर रिकामं झालं की, मोरीमागे जुन्या चमच्याने माती उकरायला बसत होता.

"बाबा, तुम्ही?" काचवाल्याला एवढंच सुचलं.

वडिलांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, "तो काचेला तोंड लावून बघायचा रे. तूही असाच बघायचास. दुधाचा दुसरा पेला मागायचास आणि मी शिस्त म्हणून नाही म्हणायचो. दूध घरात असायचं. तुला आता काय देणार मी? म्हणून याला दिलं."

डॉक्टरांनी हेडक्लार्कला हलकेच टाकीत सोडलं आणि तीन आठवडे लंघन असं हळूच बायकोला सांगितलं. आपण आणलेला टब रिकामाच उचलून ते निघूनही गेले.

काचवाल्याला तो पेला आठवत होता. पितळेचा, काठाला चेमटलेला. नाही म्हणतानाचा वडिलांचा आवाज आठवत होता, आणि मग गादीत तोंड खुपसून काढलेल्या संध्याकाळीही. चाळीस वर्षं त्याने यातलं काही कुणाला सांगितलं नव्हतं. तो वडिलांच्या खुर्चीजवळ खाली बसला.

"काहीतरीच काय, बाबा. मला तर यातलं काही आठवतसुद्धा नाही."

हे धडधडीत खोटं होतं, आणि ते वडिलांनाही कळलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.