कुंदाताईंचे अठराशे दिनार

कुंदा परब अकरा वर्षं कुवेतमध्ये शिवणकाम करत होत्या. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज घुसली, तेव्हा मालकिणीच्या गाडीतून सौदीमार्गे दुबईला आल्या. परकराच्या नेफ्यात अठराशे कुवेती दिनार शिवलेले. लेकीच्या, विभावरीच्या, नर्सिंगसाठी.

दुबईतल्या ऊद मेथा भागात आमच्या मंडळाने कुवेतहून येणाऱ्यांसाठी मदतीचं टेबल मांडलं होतं. मी सातवी पास, पण रोजचा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा, त्यामुळे टेबलावरचा शब्द माझाच. इराकने कुवेती दिनार चलनातूनच काढला होता. इथले एक्स्चेंजवाले नोट हातात घेईनात. कालपर्यंत त्या अठराशेंचे बावीस हजार दिरहम झाले असते, म्हणजे लाखभर रुपये.

कुंदाताई म्हणाल्या, मी थांबते. कुवेतचं सरकार परत आलं तर?

माझं डोकं सटकलं. मला शिकवते ही?

"कुठलं सरकार, ताई? खलास झालं ते. रद्दी आहे ही. मिळतंय ते घ्या."

गिऱ्हाईकही मीच आणलं. राजाभाऊ, किराणा मालाचे व्यापारी, आमच्या मंडळाचे खजिनदार. दिनाराला तीन दिरहम म्हणाले. कुंदाताईंनी आत जाऊन नेफा उसवला. घामाचा वास नको म्हणून नोटांवर इस्त्री फिरवून आणल्या.

फेब्रुवारीअखेर कुवेत सुटलं. सरकार परत आलं. इराक्यांनी बँकेतून लुटलेल्या नंबरांच्या नोटा सोडून बाकी जुन्या नोटा पूर्ण भावाने बदलून मिळू लागल्या.

मी तणतणत राजाभाऊंच्या दुकानात गेलो. नफ्यातले निम्मे तरी बाईंना परत करा म्हणालो.

"रद्दी कोण म्हणालं होतं, रणजितशेठ?" त्यांनी विचारलं, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मी तो प्यायलो. कुंदाताईंना काही कळवलं नाही. पुढची दहा वर्षं कामगारांच्या अडकलेल्या पगारांसाठी कंपन्यांच्या मॅनेजरांशी भांडलो, दुबईतच शिवणकाम करणाऱ्या कुंदाताईंच्या गल्लीत मात्र पाऊल टाकलं नाही. विभावरी गावी काजूच्या कारखान्यात लागल्याचं कानावर आलं होतं.

दोन हजार एकमध्ये कुंदाताईंकडे गेलो एकदाचा. म्हटलं, मंडळाच्या सभेत उभा राहून सगळं सांगतो.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "मला एक्क्याण्णवपासून ठाऊक आहे, भाऊ. सभेत नका बोलू. राजाभाऊंच्या घरची शिलाई माझ्याकडे असते. त्यांच्या ओळखीतल्या बायकाही इथेच येतात."

एवढा भांडखोर मी. लगेच बरं म्हणालो, आणि जिना उतरताना मला हलकं वाटत होतं.