पाचवीच्या आधी

गरोदर बाईच्या रक्तात कावीळ बीचा विषाणू असला तर तिचं बाळ त्यातून कसं वाचवायचं, यावर आम्ही लातूर जिल्ह्यात संशोधन करत होतो. हा विषाणू बाळंतपणातच आईकडून बाळाला लागतो आणि बऱ्याचदा जन्मभर मुक्काम ठोकतो. लस आणि सोबतचं दुसरं इंजेक्शन पहिल्या चोवीस तासांत दिलं, तर बाळ वाचायची मोठी आशा. आराखडा अगदी चोख होता. फक्त पहिलं बाळंतपण माहेरी होतं, एवढं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. निम्म्या टीमची स्वतःची बाळंतपणं माहेरी झालेली! आमच्या अभ्यासातली मुरुडची एक सून अशीच बिलोलीकडे माहेरी निघून गेली आणि एका सकाळी तिथल्या आशाताईंचा फोन आला. ती पहाटे घरातच बाळंत झाली होती.

दोन्ही इंजेक्शनं ठेवलेला बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी निघाले. देगलूरच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवलेला. ड्रायव्हरवर उगाच खेकसले. उशिराइतकीच दुसरीही धास्ती होती. रक्तात विषाणू सापडला तेव्हा त्या पोरीनं माझा हात धरून सांगितलं होतं, "म्याडम, ह्ये कुनाला कळू देऊ नका. नांदवनार न्हाईत मला."

पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. दारात तिची आई आणि आत नातवाला बघायला आलेली सासू.

"पाचवी पुजल्याबिगर लेकराला टोचायचं न्हाई," आई म्हणाली. "आमच्यात चालत न्हाई."

"सगळ्याच बाळांना देतात, मावशी. जन्मल्या दिवशीच."

"मग पाचवीनंतर द्या की. कुठं पळून चाललंय ते?"

मला त्या बाईचा भयंकर राग आला. कारण सांगावं तर पोरीचा संसार मोडायचा, गप्प बसावं तर बाळ हातचं जायचं.

बाजेवरून आवाज आला. "माय, माझ्या रगतात कावीळ हाय. आज सुई न्हाई दिली तर माझ्याकडनं लेकराला लागंल. द्या, म्याडम."

आईनं मुकाट्यानं दुपटं सोडलं. मी दोन्ही मांड्यांत एकेक इंजेक्शन दिलं. बाळानं घर डोक्यावर घेतलं आणि मला हायसं वाटलं.

ते शांत झाल्यावर सासू म्हणाली, "आमच्या घरात असलं कायबी न्हाई. हिला आलं कुठनं?"

मला अंदाज होता. मी डब्याचं झाकण लावत बसले.

"म्याडम," आईनं हळूच विचारलं, "हिच्या टायमाला ही सुई व्हती का?"

"नव्हती, मावशी."

ती लेकीकडे बघत राहिली. मग माझ्यापुढे हात केला आणि सासूला म्हणाली, "इहिणबाई, पोरीला बोल लावू नका. आधी माझं रगत बघू द्या."