लाइट आली, डबा लागला का?

नवस बोलायला मला एक क्षण पुरतो, फेडायला वर्षं लागतात. मधल्या काळात जे साचतं, ते हे किस्से. कुणी हळदीकुंकवाला आलं की एखादा सांगते, तोवर दुसरा तयार असतो.

नवसाचं असं झालं. यांच्या संस्थेच्या तीन शाळा एक करायच्या ठरल्या. एक दाना ओलीतली, एक नई सडकेवरची, एक माधवगंजातली. तीन शाळांत तीन कॉम्प्युटरवाले, आणि एकत्र झाल्यावर जागा एकच. हे घरी येऊन गप्प बसायचे. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत, तेव्हा मी घाबरले. देवापुढे बसून म्हटलं, "आई, यांची नोकरी राहू दे. आम्ही जोडीनं येऊन तुझी ओटी भरू." आमची कुलदेवी दक्खनमध्ये, सोलापूरच्याही पुढे.

नोकरी राहिली. इतकी राहिली, की यांना ग्वाल्हेर सोडता येईना.

*

कारण डबा. तिन्ही शाळांचे दाखले, निकाल, फोटो, सगळं एका यंत्रात ठेवायचं ठरलं. यंत्र दिसायला पोळ्यांच्या डब्यासारखं, म्हणून सगळे त्याला डबाच म्हणायला लागले. ऑफिसात एक मोठा कॉम्प्युटर असतो, लिनक्सवाला, तो सर्व्हर. डबा वायरीनं सर्व्हरला लागला की सगळ्यांना आपापल्या फाइली दिसतात. नाही लागला, तर फोल्डर रिकामं.

आता हा डबा ठेवायचा कुठे? यावर म्हणे बैठक झाली. दाना ओलीवाले म्हणाले, "आमची शाळा सगळ्यात जुनी." नई सडकवाले म्हणाले, "मुलं आमच्याकडे जास्त." माधवगंजवाले काही बोलले नाहीत, कारण बैठक त्यांच्याच इमारतीत होती आणि चहा त्यांचा होता.

शेवटी संस्थेचे सचिव पवारसाहेब उठले. फौजी घराणं, मिशा अजून तशाच. म्हणाले, "डबा वरच्या मजल्यावर वाचनालयात राहील. तिथे कुणीच जात नाही, म्हणजे कुणाचाच मान जाणार नाही."

झालं. सर्व्हर खाली, डबा वर. लाइट जाऊन आली की खालचा पटकन उठायचा, वरचा आळोखेपिळोखे देत. आणि वरच्याला हाक मारायची, हे खालच्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं! मग यांनी जायचं आणि हातानं कमांड देऊन डबा लावायचा. आणि ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते, ते काय सांगायचं.

सोलापूरकडची तिकिटं आम्ही दोनदा काढली आणि दोनदा रद्द केली.

*

माझ्या भाचीचं लग्न. अंतरपाट धरलेला, गुरुजी मंगलाष्टकं म्हणताहेत, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. तेवढ्यात यांचा फोन. पलीकडे शर्माजी, नई सडकेच्या शाळेतून आलेले बाबू. लाइट जाऊन आली होती आणि फोल्डर रिकामं होतं.

हे खांबाआड गेले, पण आवाज काही खांबाआड जाईना. "माउंट लिखिए. अब स्पेस. नहीं, स्पेस लिखना नहीं है, देना है. अब स्लॅश. तिरछी वाली लकीर, शर्माजी. तिरछी."

गुरुजी थांबले. नवऱ्या मुलाचे मामा माझ्याकडे वळून आदरानं म्हणाले, "तुमच्याकडे ग्वाल्हेरला हेही म्हणतात का?"

मी म्हटलं, "हो. हल्ली रोज म्हणतात."

*

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा. पवारसाहेबांच्या घरी तलवार निघते, आमच्या घरी विळी आणि शिवणयंत्र. ऑफिसात काय पुजणार? सर्व्हर. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, म्हणून पवारसाहेबांनी तो बंद करायला लावला. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. हे नको नको म्हणत होते, पण सचिवांपुढे आणि देवापुढे कोण बोलणार?

दसऱ्याला सुट्टी. त्यानंतरच्या सकाळी यांना ताप. शर्माजींनी स्वतःच सर्व्हर चालू केला. फोल्डर उघडून पाहतात, तर रिकामं. दुसऱ्या कुणी फोन केला असता. शर्माजी सज्जन माणूस. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून त्यांनी त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये नवे फोल्डर केले, नावं दिली, आणि दिवसभर बसून प्रवेशांची सगळी माहिती पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी हे गेले. पाहिलं, डबा लागलेला नाही. लावला. जुन्या फाइली आल्या आणि शर्माजींचा अख्खा दिवस गायब झाला.

"भाईसाहब," शर्माजी खुर्चीत बसत म्हणाले, "आपका डब्बा हमारी मेहनत खा गया."

यांनी घरी येऊन मला समजावलं. "अगं, काही गेलेलं नाही. तू रांगोळी काढलीस आणि मी तिच्यावर पाट ठेवला, तर रांगोळी जाते का? दिसत नाही एवढंच. पाट उचलला की आहे तिथेच." म्हणजे रिकाम्या फोल्डरमध्ये शर्माजींनी लिहिलं, आणि डबा लागला तो त्याच्यावर पाटासारखा येऊन बसला.

पाट उचलला. रांगोळी होती. शर्माजींनी भाभीजींसाठी, म्हणजे माझ्यासाठी, तिळाची गजक पाठवली, दसरा होऊन गेला तरी.

*

या प्रकारानंतर यांनी ठरवलं, की डबा आपला आपणच लागायला हवा. सर्व्हरमध्ये एक फाइल असते. उठताना काय काय जोडून घ्यायचं ते तिथे लिहून ठेवलं, की तो दर वेळी जोडून घेतो. यांनी एक ओळ लिहिली आणि आनंदानं घरी आले. मी शिरा केला.

शिरा संपायच्या आत लाइट गेली आणि आली. शर्माजींचा फोन आला, या वेळी रिकामं फोल्डरसुद्धा दिसेना. सर्व्हर उठला, त्यानं डबा शोधला, डबा झोपलेला, नेटवर्कही अजून जागं झालेलं नाही. तर तो तिथेच अडून बसला. काळी स्क्रीन, पुढे काही नाही.

पवारसाहेब म्हणाले, "आधी निदान चालू तरी व्हायचा. आता तुम्ही त्याला रुसायला शिकवलंत."

पुढचे कितीतरी दिवस हे वाचत होते, विचारत होते, स्वतःशी बोलत होते. एकदा पोळी तव्यावर टाकताना मी विचारलं, "तिढा काय आहे?"

"क्रम चुकतोय. आधी नेटवर्क यायला हवं, मग डबा. आणि डबा नसला तरी त्यानं अडून बसता कामा नये."

"आणि तो आलाच उशिरा तर?"

"तर कुणी फाइल मागेल, तेव्हा लावून घ्यायचा."

त्या ओळीत असे तीन शब्द वाढवले. नेटवर्कची वाट बघ. नसेल तर अडू नकोस. कुणी मागितलं की लाव. मला मनापासून पटलं. एकत्र कुटुंबात आणखी काय लागतं?

*

शब्द लिहिले, पण तपासून कोण बघणार? तपासायचं म्हणजे लाइट आपल्या हातानं घालवायची. हे रोज बटणापाशी जायचे आणि परत यायचे. माझ्या उपासांना आयुष्यभर हसलेला हा माणूस एके सकाळी हळूच म्हणतो, "अगं, कॅलेंडर बघ जरा. आज दिवस कसा आहे?"

मी न बघताच म्हटलं, "चांगला आहे."

पवारसाहेब आणि शर्माजींच्या समोर यांनी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. परत वर केला. खालचा उठला, अडला नाही. वरचा सावकाश उठला. शर्माजींनी फोल्डर उघडलं आणि म्हणाले, "लग गया."

यांचा विश्वास बसेना. पुन्हा पाडला. लागला. पुन्हा पाडला. लागला. मग पवारसाहेबांनी यांचा हात स्विचवरून काढून आपल्या हातात घेतला. "आता डबा जळेल. तुम्ही वहिनींना घेऊन जाऊन या."

*

तिसऱ्यांदा काढलेली तिकिटं रद्द झाली नाहीत. झाशी गेलं, भोपाळ गेलं, हे खिडकीबाहेर न बघता फोनकडे बघत होते. फोन वाजला नाही.

वाजला तो देवळात, रांगेत. आमच्यापुढे पाच-सहा माणसं. माझ्या हातात ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ. शर्माजी म्हणाले, "भाईसाहब, लाइट गई," आणि फोन कट झाला.

यांचा चेहरा उतरला. रांगेबाहेर एक पाय टाकून म्हणाले, "तू हो पुढे. मी बाहेर जाऊन फोन लावून बघतो."

मी म्हटलं, "अहो, मी जोडीनं येईन म्हटलं होतं." यांच्या हातातला फोन घेतला आणि ताटात खणाखाली सारला. हे एका हातानं माझा पदर धरून उभे राहिले, लहान मुलासारखे.

आमची पाळी आली. गर्दी एवढी, की पुजाऱ्यांनी ताट ओढून घेतलं आणि सगळं देवीच्या पायांशी रिकामं केलं. आणि तिथे, नारळ-तांदळात, फोन वाजला.

पुजाऱ्यांनी खण बाजूला केला. फोन उचलला, कानाला लावला. गंभीरपणे ऐकून घेतलं. मग तो आमच्या यांच्या हातावर ठेवला, त्यावर दोन फुलं ठेवली, आणि म्हणाले, "लाइट आली. सगळं आपोआप लागलं म्हणतात. चला, पुढे चला."

तुमचंही कुणी असं फोन धरून रांगेबाहेर पाय टाकत असेल, तर माझं ऐका. खणाखाली जागा असते. ठेवा तिथे, आणि पुढे चला.